आठ टाळ्यांची जागा

झुंबरबाई विसरायला लागल्यात की काय, ही शंका वृषालीला काही केल्या सोडत नव्हती. शाळेत सातवीच्या मुलांना फुलदाणीची सावली कशी काढायची ते दाखवताना ती शंका मध्येच डोकं वर काढायची. घरी भरताची वांगी भाजताना पुन्हा यायची, आणि एखादं वांगं एका बाजूने पार कोळसा व्हायचं.

कारण तसं लहानच होतं. जळगावातल्या एका समुपदेशन केंद्राच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी दहा-बारा बायका जमायच्या आणि गायच्या. घरात मार खाल्लेल्या, काही घर सोडून आलेल्या, काही अजून त्याच घरात राहणाऱ्या. गाणं पुढे न्यायच्या त्या झुंबरबाई. आणि गेले चार गुरुवार त्या एकाच गाण्यातली एकच ओळ गाळत होत्या. तिसरं कडवं संपलं की, जिथे एक ओळ यायला हवी तिथे, त्या तोंड मिटायच्या, नुसत्या टाळ्या वाजवायच्या आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चौथं कडवं उचलायच्या.

वृषालीच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी आरतीतली एक ओळ गेली, मग गॅसवर दूध राहायला लागलं, शेवटी सुनेचं नावही गेलं. त्यामुळे झुंबरबाईंची ओळ गेली तशा वृषालीला सासूबाईच आठवल्या. पण एक गोष्ट तिला कळेना. विसरणारं माणूस अडखळतं, इकडेतिकडे बघतं, मागची ओळ पुन्हा म्हणतं. झुंबरबाई अडखळत नव्हत्या. वृषालीने पदराआड बोटांवर मोजलं होतं. चारही वेळा आठच टाळ्या. सात नाहीत की नऊ नाहीत.

मुळात वृषाली त्या केंद्रात गेली ती हेरगिरी करायला. तिची मुलगी भाविका समाजकार्य शिकत होती आणि दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने केंद्रात मदतीला जायचं ठरवलं. "तिथे कसली कसली माणसं येतात, एखाद्या बाईचा नवरा मागे लागला तर?" असं म्हणून वृषालीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. पोरीने ऐकलं नाही. मग आठव्या दिवशी 'डबा विसरलीस' या निमित्ताने वृषाली स्वतःच जाऊन धडकली. डबा भाविकाच्या पिशवीतच होता, ती गोष्ट वेगळी.

दारातच एक काळीसावळी, हडकुळी बाई बसली होती. जुनं हिरवं नऊवारी, आणि त्याच्यावर काळपट तपकिरी डागच डाग.

"पोरगी नीट शे तुनी," वृषालीने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "डबा राहू दे, आमी खाऊ. तू आत ये. चित्राची मास्तरीन ना तू? पोरगी सांगत होती."

"तुम्हाला कसं कळलं की मी—"

"गेटपाशी तीन चकरा मारल्या तू. इथं येनारी बाई एक तर थेट येते, नाही तर येतच नाही. चकरा आई मारते."

खोलीत हशा पिकला. भाविका लाजून लाल झाली. वृषाली आत गेली, सतरंजीच्या कडेला टेकली. सुट्टी संपून भाविका पुण्याला गेली, पण वृषाली काही तिथून उठली नाही.

दारातल्या त्या बाईला, म्हणजे झुंबरबाईंना, सगळ्या 'अक्का' म्हणत. माहेर दोंडाईच्याजवळच्या खेड्यातलं, सासर असोद्याचं. चाळीस वर्षं असोद्यात काढूनही गाताना आणि चिडल्यावर त्यांच्या तोंडात माहेरची अहिराणीच यायची. नवरा लवकर गेला. तेव्हापासून केळीच्या बागांत मजुरी. घड कापायचे, फण्या सोडवायच्या, धुवायच्या, क्रेटमध्ये भरायच्या. लुगड्यावरचे ते डाग केळीच्या चिकाचे. केंद्रात त्या कशा आल्या, याच्या त्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यातली एकही दुसरीशी जुळायची नाही. केंद्र चालवणाऱ्या हेमांगीला विचारलं तर ती म्हणायची, "मला म्हणाल्या, झाडून देते. झाडू एकदाच हातात घेतला. पुढच्या आठवड्यापासून गायलाच लागल्या."

त्यांची काम करायची रीत वृषालीला फार नवलाची वाटली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासरची गाऱ्हाणी गातात. सासू अशी छळते, नणंद तशी टोचते, मुराई म्हणजे न्यायला येणारा भाऊ कधी येईल, असं सगळं. कोणी मनावर घेत नाही, कारण गाणं ते गाणं. झुंबरबाई तीच गाणी घ्यायच्या. झोका नाही म्हणून बायका सतरंजीवर बसल्या बसल्याच मागेपुढे डुलायच्या. धृपद ठरलेलं, 'मुराई उना का वं माय, मुराई उना का?' मधली ओळ ज्या बाईला सुचेल तिने जोडायची. आठ टाळ्यांत बसली की झालं. आणि ओळ जोडून झाली की झुंबरबाई हात वर करून सगळ्यांना थांबवायच्या आणि त्या बाईला एकच विचारायच्या.

"हाई गानानं शे का घरनं शे?"

हे गाण्यातलं आहे, की घरातलं? बस्स. 'गानानं' असं उत्तर आलं की टाळ्या पुन्हा सुरू.

बेबाबाई म्हणून एक होती. आठ महिने येत होती. कधी मनगटाला पट्टी, कधी ओठ सुजलेला. हेमांगीने विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही मॅडम, पडली मी."

झुंबरबाई एकदा म्हणाल्या, "एवढी पडते तर तुझ्या घराले उतार शे का बाई?"

बेबाबाईसुद्धा हसली. आणि त्याच दुपारी तिने डुलता डुलता ओळ जोडली,

'चुल्हावर दूध ठेवं, कान मन्हा दारवर,
पाय वाजना त्याना, दूध गयं जमीनवर.'

छान जमली होती. बायकांनी 'वा वा' केलं, धृपद उचललं. झुंबरबाईंचा हात वर गेला. 

"हाई गानानं शे का घरनं शे?"

बेबाबाई सतरंजीचा धागा ओढत राहिली.  कूलर घरघरत होता.

"घरनं," ती म्हणाली.

मग त्याच्या पावलांचा आवाज कसा ओळखू येतो, दूध सांडलं की पुढे काय होतं, हे सगळं ती दीड तास बोलली. हेमांगीने लिहून घेतलं. आठ महिने कोरा असलेला अर्ज त्या संध्याकाळी भरला.

वृषाली घरी आली ती याच विचारात. हे त्यांना सुचलं कसं? हजार वर्षं बायका गातायत, टाळ्या पडतायत. पण थांबून विचारायचं, हे या बाईला कुणी शिकवलं?

तिने विचारलंही. झुंबरबाई म्हणाल्या, "चूक शिकवते. तुमच्या शाळेत नसंल."

आणि हसत उठल्या.

चित्रांचं काम वृषालीकडे होतं आणि सुरुवातीला ते साफ फसलं. बायकांपुढे कागद आणि रंग ठेवले की त्या हात आखडून बसायच्या. एकीने फूल काढलं, बाकीच्यांनी तेच फूल काढलं. चुकेल, कोणी बघेल, कोणी हसेल. बारा फुलांचे बारा कागद बघून झुंबरबाई म्हणाल्या, "मास्तरीन, हे तर पूजेचं ताट झालं."

पुढच्या गुरुवारी त्या बादलीत केळीच्या खुंटाचे ताजे तुकडे घेऊन आल्या. सोबत जुन्या धोतरांचे पांढरे चौकोन. खुंट चेपला की पाण्यासारखा चीक गळायचा. त्यात बोट बुडवायचं आणि कापडावर फिरवायचं. लावताना काहीच दिसत नाही. कापड ओलं होतं, इतकंच.

"मग काढायचं काय आणि दिसायचं काय?" वृषालीने विचारलं.

"आज दिसत नाही म्हनूनच काढतील. उद्या उमटंल. आन् एकदा उमटलं का धोब्याच्या बापाले निघत नाही. माझं लुगडं बघ."

आणि तसंच झालं. दिसत नाही म्हटल्यावर बायकांची बोटं सुटली. शेजारणीला कळेना आपण काय काढतोय, आपल्यालाही धड कळेना. दुसऱ्या दिवशी वृषाली शाळा सुटल्यावर केंद्रात गेली तेव्हा दोरीवर कापडं वाळत होती आणि त्यांच्यावर तपकिरी रेघा उमटल्या होत्या. एका कापडावर घर होतं आणि घराचं दार पार छपराजवळ, हात पुरणार नाही अशा उंचीवर. दुसऱ्यावर नुसते पाय, चपला घातलेले. वृषाली दोरीखाली उभीच राहिली. वीस वर्षं ती मुलांना चित्र काढायला शिकवत होती. चित्र आधी काढायचं आणि मग दिसायचं, हे तिला नवीन होतं.

धुळ्याचा कार्यक्रम ठरला तो यातूनच. आखाजीच्या आधीच्या रविवारी तिथल्या एका सभागृहात ही कापडं लावायची आणि बायकांनी जोडलेल्या ओळींचं एक सलग गाणं गायचं. कोणाचं नाव नाही, फोटो नाही. गाणाऱ्या बायका पडद्यामागे बसणार. आणि एक नियम झुंबरबाईंनीच घालून दिला. जिची ओळ, तिला विचारल्याशिवाय गायची नाही. दोघींनी नको म्हटलं, त्यांच्या ओळी त्याच दिवशी गाण्यातून काढल्या. वहीत लिहिलेल्यासुद्धा खोडल्या. बेबाबाई मात्र म्हणाली, "माझी गा. जोरात गा."

त्या सलग गाण्यातच ती गाळलेल्या ओळीची जागा होती.

पाचव्या गुरुवारी वृषालीने धीर करून हेमांगीजवळ विषय काढला. "अक्कांना डॉक्टरकडे न्यायला हवं का गं?"

"मला नाही वाटत," हेमांगी म्हणाली. "परवा त्यांनी मला माझ्याच लग्नात वाढलेली भाजी सांगितली. बरं, आज त्यांनी पहिल्यांदाच कापड रंगवलंय. बघा उद्या."

इतके महिने झुंबरबाई दुसऱ्यांना चीक काढून द्यायच्या, स्वतः कापडाला बोट लावायच्या नाहीत. वृषालीने रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी चित्रकलेचा तास तिने पाच मिनिटं आधीच सोडला.

कापड दोरीच्या टोकाला होतं. निंबाचं झाड, त्याला झोका. झोक्याखाली बायकांचा घोळका, सगळ्यांची तोंडं उघडी, हात टाळीसाठी उचललेले. सगळ्यात मोठी काढलेली बाई झोक्याचा दोर ओढत होती. तिचं तोंड सगळ्यात मोठं उघडं. झोक्याची फळी मात्र रिकामी.

झुंबरबाई ओट्यावर बसून तंबाखू मळत होत्या.

"दोर ओढणारी कोण, अक्का?"

"मी."

"आणि फळीवर?"

"तिले विचारल्याबिगर कशी काढू?"

वृषाली त्यांच्या शेजारी बसली. शंका एका क्षणात निघून गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. तिने आजवर विचारलेले प्रश्न झुंबरबाईंनी हसून उडवले होते. म्हणून आता तिने विचारायचं सोडलं. 

"कुंदन," झुंबरबाई म्हणाल्या. "माझी पोरगी. शिरपूरकडे दिली होती. लगीन झाल्यावरची पहिली आखाजी, माहेरी आली. झोक्यावर बसली. मी दोर ओढत होते. तिनं मधीच एक ओळ जोडली. गान्यात नव्हती ती ओळ. मले वाटलं, काय हुशार पोरगी माझी. अशी झकास जोडली का बायका खूश. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. 'कोनी शिकाडं वं तुले?' असं बी विचारलं."

"मग?"

"मग काय. हसली ती. चौथ्या दिवशी सांजोऱ्या बांधून दिल्या आन् धाडली परत."

तंबाखू हातातच राहिली होती.

"दुसऱ्या आखाजीला आली नाही. तिसरीला कळलं का सुरतेला गेली, एकलीच. कोपरापस्तोर भाजलेला हात घेऊन. साड्यांवर खडे चिकटवते तिथं. मी फोन केला, तर एवढंच बोलली. 'मी सांगितलं होतं. तू टाळ्या वाजवल्या.' चौदा वरसं झाली."

"त्यानंतर बोलणं नाही?"

"दर आखाजीला लावते फोन. उचलते. माझा आवाज ऐकते. मग ठेवते."

"उचलते तर," वृषाली म्हणाली.

"हं. उचलते."

ओट्यासमोरून एक रिक्षा गेली. झुंबरबाई सांगत होत्या. सलग गाणं जुळवलं तेव्हा ती ओळ आपोआप जिभेवर आली, तिसऱ्या कडव्यानंतर, बरोब्बर तिच्या जागेवर. चौदा वर्षांत त्यांनी ती कोणापुढे म्हटली नव्हती. आत्ताही म्हणणार नव्हत्या. नियम सगळ्यांना सारखा. म्हणून तेवढी जागा सोडायची आणि टाळ्या वाजवून पुढे जायचं.

"मी येत नाही धुळ्याले," त्या म्हणाल्या. "तुमी गा. तिथं माईकवर सांगनार, जिची ओळ तिले विचारलंय. आन् मी माझ्याच पोरीले विचारलं नाही. कसं तोंड उघडू?"

वृषालीला काहीतरी खटकत होतं. ते काय, हे कळायला तिला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर ते बोलायचं की नाही, यात अजून जरा. समोरच्या कापडावरचे ते उचललेले हात ती बघत राहिली.

"अक्का, चिडू नका. पण त्या जागी तुम्ही टाळ्या वाजवता."

"मग?"

"तिने ओळ म्हटली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आताही तेच करताय."

झुंबरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कापडाकडे. मग स्वतःच्या हातांकडे. डाव्या तळव्यावरची तंबाखू जमिनीवर सांडली, तरी तळवा तसाच उघडा राहिला.

"ध्यानातच आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गान्याची सवय. हात थांबतच नाहीत."

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आतून औषधाच्या खोक्याचा एक मऊ पडलेला पुठ्ठा निघाला. त्याच्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला नंबर.

"तू लाव. माझा आवाज ऐकला का ठेवते. तुझा नाही ठेवनार."

वृषालीने पुठ्ठा हातात घेतला आणि नुसताच उलटसुलट केला. कोण कुठली सुरतेतली बाई. चौदा वर्षं तिने जे दार लावून घेतलंय, त्यावर जाऊन टकटक करणारी आपण कोण? ती भडकली तर? 'पुन्हा फोन करू नका' म्हणाली तर? मग पुढच्या आखाजीला ती आईचाही फोन उचलायची नाही. आहे तेवढाही धागा तुटेल, आणि तो आपल्या हातून.

आणि उचलून बोललीच, तर तिला सांगायचं काय? 'तुमची आई फार चांगलं काम करते हो'? 'झालं गेलं विसरा'? ते तिला आजवर दहा जणांनी सांगितलं असेल. भाविका मागच्या महिन्यात फोनवर हसत म्हणाली होती, "आई, तू मला विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस. जेवलीस ना, बरी आहेस ना. मी हो म्हणण्यापलीकडे करू काय?" तेव्हा वृषालीला राग आला होता. आत्ता नाही आला.

"अक्का," ती म्हणाली, "मी लावते. पण एक आहे. ओळ गायची परवानगी मी मागणार नाही."

"मग काय मागशील?"

"काहीच नाही. तिला सांगेन, धुळ्याला एक गाणं आहे. त्यात तिसऱ्या कडव्यानंतर एक जागा मोकळी आहे. आजवर तिथे तिची आई टाळ्या वाजवत होती. आता नाही वाजवणार. त्या जागी काय असावं, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून विचारायला फोन केला."

झुंबरबाईंनी मान हलवली. "आन् ती 'काहीच नको' म्हनाली तर?"

"तर धुळ्याला तिथे काहीच नसेल. आपण सगळ्या गप्प बसू. तुम्ही येऊन गप्प बसायचं, घरी बसून नाही."

"गप बसनं मले जमंल का?" झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जेमतेम हसू आलं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसल्या.

कुंदनला काय वाटेल, ती काय म्हणेल, याचा वृषालीला काही म्हणजे काही अंदाज नव्हता. पण ते ऐकायची इतकी ओढ तिला लागली होती की भीती मागेच राहिली. तिने पुठ्ठा गुडघ्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत नंबर दाबायला सुरुवात केली.